कापून ठेवलेलं बोलणं

रेडिओ केंद्राच्या जिन्यात जो पहिला माणूस भेटला, त्यालाच तिनं गाठलं. त्याच्या खांद्यावर वायरचं भेंडोळं होतं, हातात अर्धं खाल्लेलं केळं, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, की आधीच तापलेला माणूस तो बघून आणखी तापावा.

"मंगळवारी तरुण वाचक आवडत्या पुस्तकाबद्दल बोलतात ना, तो कार्यक्रम कापणारा माणूस कुठे बसतो?"

"कशाला हवाय?"

"त्याला विचारायचंय, हातात कात्री आली म्हणून वाट्टेल ते कापायचं? न्हावीसुद्धा आधी विचारतो, किती बारीक करू."

त्यानं शांतपणे केळं संपवलं. "वरच्या मजल्यावर, डावीकडची शेवटची खोली. पण जपून हं... माणूस जरा विचित्र आहे."

"मीही आहे," असं म्हणून ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली. खोली रिकामी होती. ती खुर्चीकडेच रागानं बघत उभी राहिली. थोड्या वेळानं तोच केळंवाला आत आला, त्यानं वायर खुंटीला अडकवली आणि नेमका त्याच खुर्चीत बसला.

"हं, बोला. किती बारीक झालंय?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. अख्खं केंद्र ज्याला 'कात्री' म्हणतं तो हाच!

आता तिच्या बाजूनं बघायचं तर राग अगदीच नाकावरचा नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. माणसं तिथे घाबरतच काच बदलून घ्यायची, आणि दुकानाच्या मालक काकांनी तिचं नाव 'ठिणगी' ठेवलं होतं. पण या वेळी ठिणगी पडायला कारण होतं. एका भांडखोर होडीवाल्या म्हातारीची आणि तिच्या होडीत लपून बसलेल्या पोराची गोष्ट, हे तिचं आणि ताईचं लहानपणापासूनचं पुस्तक. ताई म्हातारीचा आवाज काढायची, ही पोराचा. लग्न होऊन जाताना ताईनं ते न विचारता आपल्या सामानात भरलं आणि हिनं भरल्या घरात तिला चोर म्हटलं. तेव्हापासून दोघींत अबोला. दोघी एकाच माळेचे मणी, आधी कोण वाकणार? आणि आता ताई-भावोजी दूरच्या शहरात कायमचे राहायला निघाले होते.

ताई ज्या शिवणकामाच्या कारखान्यात होती तिथे दिवसभर रेडिओ चालायचा. म्हणून ही माईकसमोर आली होती. म्हातारी, होडी, गमतीजमती सगळं सांगून झाल्यावर शेवटी म्हणाली होती, पुस्तक तुझंच आहे ताई, चुकले मी, पण जायच्या आधी शेवटचं प्रकरण एकदा तुझ्या आवाजात ऐकव. काल काकांनी दुकानात रेडिओ मोठा केला. म्हातारी आली, होडी आली, गमतीही आल्या. आणि ताईसाठीचं बोलणं सुरू व्हायचं तिथे वाजली बासरी.

"ते पुस्तकाबद्दल नव्हतं," कात्री म्हणाला.

"तेवढंच पुस्तकाबद्दल होतं! बाकी नुसती शोभा."

"तुमचं घरातलं भांडण सगळ्या बाजारानं का ऐकावं, असं वाटलं मला. आणि तिथे तुमचा आवाज... फुटला होता."

"आवाज माझा. तो फुटेल नाहीतर राहील. तू कोण ठरवणारा?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तिलाही कळलं नाही. दोघांनीही ते ऐकलं, आणि दुरुस्त मात्र कुणीच केलं नाही.

"पुढच्या मंगळवारी लावतो," तो जरा नमून म्हणाला.

"ती शनिवारी जातेय."

तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा गेला. तिला हेच बघायचं होतं, पण बघून म्हणावं तसं समाधान झालं नाही. त्यानं समोरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि म्हणाला, कापलेला तुकडा आहे त्याच्याकडे, उद्या ताईपुढेच जाऊन वाजवू.

"तू फेकला नाहीस?"

"आवडलेलं मी फेकत नाही."

रागाच्या भरात त्या वाक्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. संध्याकाळी कुणाचा तरी चष्मा पुसता पुसता ते आठवलं, आणि तिनं काच इतकी घासली की गिऱ्हाईकानं हातातून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याकडे जाताना रिमझिम सुरू होती. छत्री एकच, तिची. ती मुद्दाम भरभर चालत होती आणि तो अर्धा भिजत मागून येत होता. वाटेत त्यानं सांगितलं, की तिचं बोलणं ऐकून त्यानं ते पुस्तक वाचनालयातून आणून वाचलं. ती जरा सुखावणार, एवढ्यात तो म्हणाला, की त्याला ते फारसं आवडलं नाही.

ती रस्त्यातच थांबली. "काय आवडलं नाही?"

"शेवट कच्चा आहे. पोरगा निघालाय, म्हातारीला तो हवाय. मग 'राहा' म्हणायला काय होतं? नुसती ओरडते."

"ओरडणं म्हणजेच म्हणणं. काही जणांना तेवढंच येतं."

त्यानं छत्रीखाली डोकं घातलं, तिच्याकडे जरा तिरकं बघितलं. "हो... ते कळायला लागलंय आता."

तिची कानशिलं तापली. छत्री मात्र तिनं पुढे ओढली नाही.

कारखान्यात यंत्रांची घरघर चालली होती. ताई खिडकीजवळच्या यंत्रावर होती. हिला बघताच तिनं हातातलं कापड आपटलं. "आलीस? ऐकलं मी परवा. माझी म्हातारी जगाला सांगून मोकळी झालीस! तिचा आवाज जन्मभर काढला कुणी? मी. आणि माझा साधा उल्लेख नाही?"

म्हणजे कात्रीनं आगीत तेलच ओतलं होतं. हिनंही तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर पडणार होतं त्यानं उरलंसुरलं नातंही तुटलं असतं. पण त्याआधीच तो पुढे झाला, 'चूक माझी आहे' म्हणाला आणि हातातला हेडफोन ताईच्या कानांवर चढवला.

ताई ऐकत राहिली. यंत्राच्या पेडलवरचा तिचा पाय हळूच खाली आला. तिनं हेडफोन काढून धाकटीकडे बघितलं. मग अख्खा कारखाना मागे वळेल अशा खरखरीत म्हाताऱ्या आवाजात ओरडली, "ए पोरा, उतरायचं तर उतर, नाहीतर वल्हं धर!"

ती शेवटच्या प्रकरणातली ओळ होती. मग दोघी रडल्या, एकमेकींना बोल लावत रडल्या, आणि शुक्रवारी ताईनं पुस्तक घेऊन जेवायला यायचं ठरलं. निघताना ताईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हा कोण म्हणून विचारलं.

"हा? गुन्हेगार."

"मग शिक्षा दे की."

ताई शनिवारी गेली ती हसत गेली. शिक्षा ठरली अशी, की त्यानं स्वतः माईकसमोर बसायचं, त्याच म्हातारीवर बोलायचं, आणि कापायचं हिनं. त्यासाठी तिला कापायचं यंत्र शिकवावं लागलं. शिकताना ती रोज भांडली, आणि एखाद्या दिवशी भांडायला विषय निघाला नाही तर दोघंही उगाच उदास व्हायची.

अखेर तो काचेपलीकडे बसला. आधी शेवटाबद्दल कुरकुरला. मग थांबला, आणि तिच्याकडे न बघता बोलू लागला. "हे पुस्तक मला कळलं नव्हतं. मग एक मुलगी जिन्यात माझ्यावर ओरडली... आणि कळलं. तिनं रोज ओरडावं असं वाटतं. आता भीती एकच, कधी ती ओरडायची थांबली तर?"

त्याचा आवाज फुटला होता. काचेमागे ती लालबुंद झाली होती. असं, माईकसमोर, न विचारता? तो बाहेर आला तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "बाहेर जा. मला काम करू दे."

मंगळवारी काका जेवायला गेले असताना तो दुकानात आला. रेडिओ लागलेलाच होता. म्हातारी आली, होडी आली, त्याची कुरकुर आली. आणि खरं बोलणं सुरू व्हायचं तिथे वाजली बासरी.

त्याचा चेहरा पडला. "कापलंस?"

"ते पुस्तकाबद्दल नव्हतं."

"आणि... फेकलंस?"

ती चष्मा पुसत होती. "सगळ्या बाजारानं का ऐकायचं? माझं आहे ते. घरी नेलंय, रोज ऐकते. पण यंत्रातून ऐकून कंटाळा आला. आता तोंडानं म्हण. आणि लवकर, काका येतील."

तो काउंटरवर वाकला आणि म्हणाला.

"हळू बोललास," ती रागानंच म्हणाली. "परत."

ऐकू तर तिला स्वच्छ आलं होतं.