झोका जातो कुठे?

“आजही नाही!” झोक्याच्या रिकाम्या आकड्यांकडे बघत ठिणगीने पाय आपटला. राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून सगळे तिला ठिणगीच म्हणत. पण आजचा राग नाकावर मावत नव्हता.

वसाहतीच्या बागेत सकाळी झोका असायचा, दुपारी असायचा. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर दादा आला, की नेमका गायब! खांबावर फक्त पाटी : ‘झोका बिघडला आहे.’

दादा तिच्याहून मोठा. स्वमग्न. शब्द थोडे, कान हळवे. दिवसभर अंगात साचलेला गोंगाट तो झोक्यावर सांडून टाकायचा. झोका उंच गेला की ‘ऊंऽऽ’ करत खुशीत गायचा. आता मात्र घरी जाऊन स्वतःचाच हात चावायचा. मनगटावर दातांचे वळ उठले होते.

“चोर पकडायचाच!” तिची मैत्रीण शिडी म्हणाली. तिघा दोस्तांत तीच उंच.

“रोज सकाळी माल परत आणून ठेवतो? भलताच सज्जन चोर!” तिसरा दोस्त बटाट्या म्हणाला.

सुट्टीच होती. दुसऱ्या संध्याकाळी तिघांनी झुडपामागे दबा धरला. बारकी पोरं घरी गेली आणि आले माळीकाका! त्यांनी झोका उतरवला, पंपाच्या खोलीत टाकला, कुलूप ठोकलं, पाटी अडकवली.

ठिणगी उसळली, तशी शिडीने तिची वेणीच धरली. “थांब! आत्ता विचारलंस तर ‘बिघडलाय’ म्हणून मोकळे होतील.”

पुढच्या संध्याकाळी झोक्यावर बटाट्या ठाण मांडून बसला.

“उतर रे!” माळीकाका ओरडले.

“उतरतो की! दादा आला की लगेच!”

“अरे, वजन बघ तुझं!”

“म्हणून तर मला बसवलंय, काका!”

माळीकाकांनी वसाहतीच्या सेक्रेटरीकाकांना बोलावून आणलं. “झोका बिघडलाय! पडशील!” ते असे गरजले, की घराघरांतून माणसं खाली आली.

“बिघडलेला झोका रोज सकाळी आपोआप बरा होतो का हो?” शिडीने विचारलं.

माळीकाकांनी मान खाली घातली. “मला सांगितलं होतं... तो मुलगा यायच्या आत काढायचा.”

सगळ्यांच्या नजरा सेक्रेटरीकाकांकडे वळल्या.

“अहो, तक्रार होती,” सेक्रेटरीकाका सारवासारव करू लागले. “एवढा मोठा घोडा ओरडतो, बरं दिसतं का?”

“घोडा नाही, माझा दादा आहे!” ठिणगी कडाडली. “आणि तो गातो! तुमच्या वाढदिवसाला स्पीकर ठणाणत होता, तेव्हा त्याने कानांवर उशी दाबली. तुमचा स्पीकर नाही पळवला! आमचं दार वाजवून विचारायला काय झालं होतं? झोका लपवायचा आणि वर खोटी पाटी?”

“तक्रार माझीच होती गं,” एक काकू पुटपुटल्या. “मला वाटायचं, तो रागावलाय.”

“तो नाही, काकू. मी रागावलेय!”

तेवढ्यात दादा आईबरोबर आला. गर्दी बघून थबकला. हात कानांवर गेले.

“मागे व्हा. हळू बोला,” ठिणगी म्हणाली, आणि सगळी मोठी माणसं मुकाट्याने मागे सरली. बटाट्याने टुणकन उडी मारली. दादा बसला. झोका गेला वर, आला खाली, गेला आणखी वर. ऊंऽऽ!

सेक्रेटरीकाकांनी स्वतःच्या हाताने पाटी उतरवली. “चुकलं माझं. शाबास पोरांनो!” ते हलक्या आवाजात म्हणाले.

“गुणाची बहीण आहेस हो,” काकू म्हणाल्या.

“कौतुक राहू दे. उद्या झोका असेल ना?”

“असेल.”

“आणि परवा?”

“परवाही असेल गं बाई!” सेक्रेटरीकाका म्हणाले.

ठिणगीचा राग अजून निवला नव्हता. तिने तो निवू दिलाही नाही. लागला तर असावा, म्हणून जपून ठेवला.