मधली भिंत

चौदा डिसेंबर, गुरुवार. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, थंडी मात्र हाडात शिरणारी. चंद्राची कोर संध्याकाळीच मावळलेली.

सांगतोय ती गोष्ट माझ्या मित्राची आहे आणि खरी आहे. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. आणि तो मोबाईल पालथा ठेव रे. खालून उजेड पडला की तूच भूत दिसतोस.

या मित्राला आम्ही ठोक्या म्हणायचो. जुनी घरं तपासायची हा त्याचा धंदा. जुन्या घरात तोडफोड करायची तर नगरपालिका आधी अहवाल मागते: यातलं मूळचं काय, मागाहूनचं काय, जपण्यासारखं काय. ते ठरवायला हा जाई. बोटाच्या पेराने भिंत ठोकून बघायची. भरीव वाजली तर प्लास्टर धड, पोकळ वाजली तर सुटलेलं. सवय इतकी, की सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तेव्हा बोलता बोलता सासऱ्यांच्या कपाटावर टकटक केलं आणि म्हणाला, "आत नुसता भुसा आहे." सासरे वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.

तर एकदा दातांच्या एका डॉक्टरने त्याला बोलावलं होतं. घर शंभरी ओलांडलेलं. दिवाणखान्याच्या मधोमध एक भिंत. डॉक्टरचे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ साठ वर्षांपूर्वी भांडले. कशावरून, ते आता कुणालाच ठाऊक नाही. भांडण मात्र सगळ्यांना तोंडपाठ! गवंडी आणला आणि दिवाणखाना चिरला. खिडकीचाही मुलाहिजा ठेवला नाही. भिंत थेट खिडकीच्या मध्यावर जाऊन आदळलेली, अर्धी खिडकी याला, अर्धी त्याला. धाकटा गेला तेव्हा थोरला भिंतीपलीकडे खुर्चीत बसून होता. उठला नाही.

आता अलीकडे डॉक्टर आणि पलीकडे थोरल्याची मुलगी. साठीची, एकटी, शिवणाचे क्लास घेणारी. तिला सगळे ताई म्हणत. डॉक्टरला भिंत पाडून दवाखाना मोठा करायचा होता. खरी गोम इथेच होती. कागदावर सगळं घर धाकट्याचं, म्हणजे आता डॉक्टरचं. ताईचा हक्क काय तो भिंत उभी असेपर्यंत पलीकडे राहण्याचा. भिंत गेली की ताई रस्त्यावर.

"ही भिंत म्हणजे किडलेली दाढ," डॉक्टर म्हणाला. "मागाहून घातलेली, महत्त्व शून्य. एवढंच लिहा. सोमवारी उपटतो."

"काय लिहायचं ते मी बघेन," ठोक्या म्हणाला. "मी तुमच्या पेशंटच्या तोंडात बोटं घालायला येतो का?"

ताईकडे गेला तर तिथे वेगळीच आरती.

"आलास का, विकला गेलेल्या? लिही, लिही. म्हातारीचं घर खा आणि ढेकर दे."

"मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही, ताई."

"तुझ्या तोंडावर लिहिलेलं दिसतंय मला. माझ्या बापाची भिंत आहे ती. हात लावून दाखव."

ठोक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियमाने पाहिलं तर भिंत मागाहूनचीच होती. तो डॉक्टर, तो शंभर नंबरी माजोरी माणूस, बरोबर होता. त्याचाच ठोक्याला जास्त संताप येत होता.

भिंतीची शेवटची तपासणी अंधारात करतात. दिवे घालवायचे, बॅटरी भिंतीला टेकवायची आणि उजेड आडवा सोडायचा. दिवसा सपाट दिसणारी भिंत मग पोटातलं सगळं ओकते. बुजवलेली भोकं, मिटवलेले दरवाजे, सगळं सावल्यांनी उठून दिसतं. म्हणून रात्री साडेनऊला तो डॉक्टरच्या बाजूला एकटाच शिरला. डॉक्टर बाहेर गाडीत बसला.

ठोक्याने आधी भिंत ठोकली. टक, टक, टक. भरीव.

पलीकडून उत्तर आलं. टक, टक, टक.

"ताई, झोपा आता!" तो ओरडला.

पलीकडून धप्प. मुठीने मारावं तसं.

"या वयात पोरखेळ शोभतो का?"

धप्प. धप्प. प्लास्टरचा भुगा त्याच्या मानेत पडला.

ठोक्या तणतणत रस्त्यावर आला, दार ओढून कुलूप घातलं आणि ताईच्या दाराशी गेला. ताई पायरीवर बसली होती. शाल गुंडाळून, हातात किल्ली.

"बडवून झालं का तुझं?" ती कडाडली. "डोकं उठलं म्हणून बाहेर येऊन बसलेय मी."

"मी बडवतोय? तुम्हीच तर आतून..."

तिच्या पाठीमागे दाराला कुलूप होतं. बाहेरून.

तेवढ्यात डॉक्टर गाडीतून उतरून आला. "काय तमाशा लावलाय रात्रीचा?"

ताईने कुलूप काढलं. तिघं आत गेले. दिवा लावला. कापडाने झाकलेल्या शिवणाच्या मशिनी. बाकी कुणी नाही.

आणि मग डॉक्टरच्या बाजूने आवाज आला. धप्प.

त्या बाजूची किल्ली ठोक्याच्या खिशात होती.

"माणसं घातलीस ना आत?" ताई डॉक्टरवर तुटून पडली. "मला भिववून हाकलायला? बापासारखाच निघालास, मेल्या."

"माझा बाप काढू नकोस! तुझा बाप शेजारी बसून होता, माझ्या बापाचं प्रेत उचललं तेव्हा..."

धप्प.

"तुझ्या बापाने आधी कागद फिरवले!"

धप्प. आता या बाजूने. तिघांच्या डोळ्यांसमोर. भिंतीपाशी कुणी नसताना.

"खोटं बोलतेस!"

धप्प. त्या बाजूने.

एक इकडून, एक तिकडून. शब्दाला शब्द लागावा तसे. दोघं भावंडं भांडायची थांबली.

भिंत थांबली नाही.

ठोक्या म्हणाला, "दिवा घालवा."

"वेड लागलंय का तुम्हाला?" डॉक्टर कुजबुजला. दिवा शेवटी ताईने घालवला.

ठोक्याने बॅटरी भिंतीला टेकवली. उजेड आडवा पसरला. भिंतीवर सावल्या उठल्या...

दोन तळहात. खांद्याच्या उंचीवर. आत रुतलेले, ओल्या प्लास्टरमध्ये रुततात तसे. बोटं फाकलेली. माणूस जीव खाऊन ढकलतो तेव्हा फाकतात, तशी.

डॉक्टरने ताईचा दंड धरला होता. तिने सोडवला नाही.

उजेडात तळहात होते. मग ते आणखी खोल गेले.

आवाज थांबले.

सगळं थांबलं...

मग घर्र... भरलेलं कपाट फरशीवरून सरकवावं तसं. लांब. सावकाश. आणि त्या घरघरीच्या आत, अगदी खाली, कुणीतरी दात-ओठ खात श्वास घेत होतं. दोघं जण.

बॅटरी तिथेच पडली. तिघं रस्त्यावर आले तेव्हा ताई अनवाणी होती.

रात्र तिघांनी गाडीत काढली. उजाडल्यावर ठोक्याने गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं: मधली भिंत घराच्या इतिहासाचा भाग आहे, तिला धक्का लावू नये, दोन्ही बाजूंची वहिवाट आहे तशीच ठेवावी. डॉक्टरने वाचलं आणि सही केली. ताईनेही केली.

मग ठोक्या बॅटरी आणायला आत गेला.

भिंतीवर तळहात नव्हते. प्लास्टरला एक तडासुद्धा नव्हता. ताईच्या बाजूला भिंतीच्या पायाशी फरशीची पट्टी उघडी पडली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार बोटं रुंद. बाकीची फरशी पायांनी झिजून फिकी पडलेली. पट्टी लालभडक होती.

ठोक्याने दुसऱ्या बाजूने टेप लावला. डॉक्टरची खोली आदल्या दिवशीच्या मापापेक्षा चार बोटं कमी भरली.