सिनेमा थांबला, टकटक नाही!

"'एमए' नाही गं ताई, नुसतं 'एम' आहे! नीट वाच ना!" रिमोट डोक्यावर उंच धरून प्रज्ञेश सोफ्यावर उड्या मारत होता.

"खाली उतर आधी! आणि रिमोट दे!" सुरुचीने त्याचा पाय ओढला. तो धपकन गादीवर बसला आणि रिमोट जपनीतच्या मांडीत जाऊन पडला.

"नाऊ आय एम द बॉस!" जपनीत म्हणाली आणि तिने सिनेमा सुरूच करून टाकला.

सिनेमांवर छापलेल्या वयोमर्यादेच्या शिक्क्यांबाबत आईचा नियम साधा होता. 'एम' चालेल, 'एमए', म्हणजे पंधरा वर्षांखालच्यांना बंदी असलेला, अजिबात नाही. त्यामुळे दर वेळी सिनेमापेक्षा शिक्क्यावरच जास्त वाद व्हायचा. पण आज आई हॉस्पिटलात ड्युटीवर होती आणि बाबा वर ऑफिसचं काहीतरी काम घेऊन बसले होते. मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीची जोडून आलेली चार दिवसांची सुट्टी होती आणि तिच्यातच सोमवारी हॅलोविन! मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या त्यांच्या गल्लीत घराघरांच्या दारांवर कापसाची कोळ्याची जाळी लटकत होती. तीन मुलांनी ठरवलं होतं, हॅलोविनपर्यंत रोज एक भीतीदायक सिनेमा बघायचाच! सुरुची तेरा वर्षांची, तिचा भाऊ प्रज्ञेश दहाचा आणि समोरच्या घरातली जपनीत पंजाबी, पण मराठी बोलायला शिकलेली आणि सुरुचीच्याच वर्गातली.

दुपारचे तीन वाजले होते. इथला वसंत ऋतू असून ऑक्टोबर संपत आला तरी बाहेर बोचरा वारा आणि पाऊस होता. पडदे ओढून त्यांनी खोलीत अंधार केला.

सिनेमा होता एका दीपगृहाचा. दीपगृहात एकटीच राहणारी मुलगी, आणि भिंतीच्या आतून येणारा आवाज. टक... टक... टक...

"मला नाही बघायचं," प्रज्ञेश उशीमागून म्हणाला, पण उशी थोडी खाली करून बघतच राहिला.

टक... टक...

"पॉज कर! पॉज कर! मला पाणी प्यायचंय!"

"पाणी की भीती?" जपनीत हसली आणि तिने सिनेमा थांबवला. पडद्यावरची मुलगी तोंड उघडं ठेवून थिजली.

टक... टक.

तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

"जपनीत, तू पॉज केलंस ना?"

"किया ना, यार! बघ की!"

"प्रज्ञेश, पाय आपटू नकोस."

"माझे पाय तर वर आहेत!" खरंच, त्याचे दोन्ही पाय उशीवर होते.

टक. मग काहीतरी घसटल्यासारखा आवाज. आवाज टीव्हीमागच्या भिंतीतून येत होता. त्या भिंतीपलीकडे शेजारच्या घराचं गॅरेज होतं. दोन्ही घरं एकाच भिंतीला चिकटून बांधलेली. आणि शेजारचं घर तर दोन महिन्यांपासून रिकामं होतं! दारात 'भाड्याने देणे आहे' असा बोर्डसुद्धा उभा होता.

"ताई," प्रज्ञेश हळूच म्हणाला, "गुरुवारी मी तुला सांगितलं होतं ना, तिकडून फोडणीचा वास येतो म्हणून? तू म्हणालीस, जपनीतच्या घरचा असेल."

"आमच्याकडे गुरुवारी पिझ्झा होता," जपनीत म्हणाली.

सुरुचीचा गोंधळ उडाला. भूत असतं असं तिला वाटत नव्हतं. पण रिकाम्या घरात मोहरीची फोडणी कोण देईल? आणि भिंत कोण वाजवेल? की कालपासून असले सिनेमे बघून आपल्यालाच भास व्हायला लागलेत? पण एकच भास तिघांना एकदम कसा होईल?

"बाबा!" तिघंही एकदम ओरडली.

बाबा, म्हणजे भास्कर, कानातले हेडफोन गळ्यात टाकून खाली आले. त्यांनी पडदे उघडले, भिंतीला कान लावला. नेमका तेव्हाच आवाज बंद!

"काही नाही रे. पॉसम असेल छतात." मांजराएवढा तो प्राणी इथल्या घरांच्या छतांत हमखास शिरायचा.

"पॉसम फोडणी देतो?" प्रज्ञेशने विचारलं.

तरीही बाबांनी नरेंद्र काकांना फोन लावला. शेजारचं घर त्यांचंच होतं. नरेंद्र काकांना सगळी मराठी मंडळी ओळखत. विमानतळावरून नव्या विद्यार्थ्यांना आणणं असो की भीमजयंतीचा कार्यक्रम असो, काका पुढे.

"जय भीम, भास्कर!" स्पीकरवर काकांचा खणखणीत आवाज आला. "आवाज? छे, छे! घर कुलूपबंद आहे रे. किल्ली माझ्या खिशात! पॉसमच असणार. पोरांना म्हणावं, भुताचे सिनेमे कमी बघा!"

दोघं मोठे लोक खो खो हसले. सुरुचीचे कान लाल झाले.

"ऐकलंत? आता टीव्ही बंद," बाबा गाडीची किल्ली घेत म्हणाले. "मी हार्डवेअरच्या दुकानातून जाळी घेऊन येतो. छताची फट बंद करून टाकू. वीस मिनिटांत आलोच. आणि हो, पुन्हा भूतबित म्हणालात तर उरलेली सुट्टी टीव्हीशिवाय!"

गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच...

टक.

एकच. आणि अगदी हळू.

"आता मात्र मी घरी जाते," जपनीत उठली. पण सुरुची टीव्हीपाशी गेली आणि तिने भिंतीवरचा स्विचच बंद केला. दीपगृहातली मुलगी नाहीशी झाली. तिघांनी भिंतीला कान लावले. आतून कण्हल्यासारखा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

"दॅट्स नॉट अ पॉसम," जपनीत कुजबुजली.

"काका म्हणाले, कुणी नाही. बाबा म्हणाले, कुणी नाही," प्रज्ञेश म्हणाला. "मग आपणच चुकीचे असू ना?"

"मला माहीत नाही!" सुरुची म्हणाली. "चला, बाहेरून बघू."

पाऊस नुकताच थांबला होता. शेजारच्या घराच्या खिडक्यांवर पडदे घट्ट ओढलेले होते. तिघं गॅरेजच्या मोठ्या दारापाशी आली. दार बंद. सगळं शांत. प्रज्ञेश मात्र गुडघ्यांवर बसून दाराची खालची फट बघत होता.

"ताई, इथे टॉवेल आहे."

खरंच! दाराखालच्या फटीत एक निळा टॉवेल घट्ट कोंबलेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पाणी आत जाऊ नये म्हणून काकांनी लावला असेल," जपनीत म्हणाली.

सुरुचीने टॉवेलचं टोक ओढून पाहिलं. तो हलेना. ती एकदम थांबली.

"बाहेरून कोंबला असता तर घड्या बाहेर दिसल्या असत्या. हा आतून कोंबलाय! गॅरेजला दुसरं दार नाही, मग आतून कोंबून बाहेर कसं जाणार? जो कोंबणारा आहे, तो अजून आतच आहे!"

जपनीतने दार धडाधडा वाजवलं. "हॅलो! एनीवन इन देअर? कोई है?"

उत्तर नाही. पण टॉवेलच्या कडेने एक गरम, धुरकट वास आला. सुरुचीने तो लगेच ओळखला. उन्हाळ्यात बाबा अंगणात बार्बेक्यू करतात तेव्हा येतो तसा, निखाऱ्यांचा. आई हॉस्पिटलातल्या गोष्टी सांगायची. बंद खोलीत कोळसा पेटवला की त्यातून एक वायू निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि माणसाला झोप लागते ती लागतेच.

तिने बाबांना फोन केला. वाजून वाजून बंद झाला. ते गाडी चालवत असणार. आईचा फोन ड्युटीवर लॉकरमध्ये असायचा.

"ट्रिपल झीरो लाव!" जपनीत म्हणाली.

"आणि आत खरंच पॉसम निघाला तर? पोलीस आपल्यालाच पकडतील!" प्रज्ञेश रडवेला झाला होता.

सगळे मोठे एक सांगत होते आणि एक टॉवेल दुसरंच सांगत होता. तिने डोळे मिटले आणि तीनदा शून्य दाबलं.

पलीकडच्या बाई अगदी शांत होत्या. त्यांनी पत्ता विचारला, सगळं ऐकून घेतलं. कुणी हसलं नाही! "फायर ब्रिगेड निघाली आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही आत जायचं नाही. पण आतल्या माणसाला ऐकू येत असेल, तर दार उघडायला सांगा."

"ओपन द डोअर! प्लीज!" तिघं ओरडली.

आतून काहीतरी हललं. मग एक जड, तुटक आवाज आला. "नाही... इथे... कुणी नाही."

मराठीत!

सुरुची क्षणभर गोंधळूनच गेली. मग तीही मराठीत ओरडली, "दादा, दार उघडा! तुम्ही आजारी पडाल!"

"नाही उघडायचं... काकांनी सांगितलंय... कुणी आलं तरी... आवाज नाही करायचा..."

म्हणजे काकांना माहीत होतं! इतक्या वेळचा गुंता एका झटक्यात सुटला. घर रिकामं नव्हतं. रिकामं आहे असं सांगायचं ठरलेलं होतं. आणि आतला हा दादा शुद्ध हरपत असतानाही तो नियम पाळत होता!

आता कितीही विनवण्या केल्या तरी तो ऐकणार नव्हता. तो फक्त एकाच माणसाचं ऐकणार होता.

सुरुचीने तोंड फटीजवळ नेलं आणि आईसारखा दरडावणीचा आवाज काढला. "अहो दादा! नरेंद्र काकांनीच पाठवलंय मला! ते म्हणाले, दार उघडा! आत्ताच्या आत्ता! नाहीतर ते रागावतील!"

"काका... म्हणाले?"

"हो! दाराचा रिमोट कुठंय? दाबा!"

आत काहीतरी पडलं. एक क्षण गेला. दोन. तीन. मग घर्रर्र आवाज झाला आणि दार हळूहळू वर सरकू लागलं. गरम, कोंदट हवेचा लोट बाहेर आला. दाराशीच एक तरुण आडवा पडला होता. त्याच्या हातात रिमोट होता. मागे जमिनीवर एक गादी, पुस्तकांचा ढीग आणि निखाऱ्यांनी लाल झालेली बार्बेक्यूची शेगडी.

"आत जाऊ नका!" फोनवरच्या बाई म्हणत होत्या. आत जायची गरजच नव्हती. श्वास रोखून तिघांनी त्याचे हात धरले आणि ओढत ओढत त्याला ओल्या हिरवळीवर आणलं. जपनीतने आपलं जॅकेट त्याच्या डोक्याखाली घातलं. प्रज्ञेश त्याचा हात घट्ट धरून बसला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "झोपू नका हं, दादा! झोपू नका!"

लाल गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा कुठे सुरुचीला रडू फुटलं.

बाबा जाळीची गुंडाळी काखेत धरून परतले, तेव्हा अंगणात फायर ब्रिगेडचे चार जण आणि दोन पोलीस होते, आणि एक अँब्युलन्स उभी होती. त्यांच्या हातून जाळी गळून पडली.

"हूज द डॅड?" हेल्मेट घातलेल्या उंच बाईंनी विचारलं. "तुमची मुलं? आणखी अर्धा तास गेला असता तर हा मुलगा वाचला नसता. व्हेरी गुड वर्क, मेट्स!" आणि त्यांनी तिघांशी एकेक करून हस्तांदोलन केलं.

थोड्या वेळाने नरेंद्र काकाही धावत आले. सगळं बघून ते पायरीवर मटकन बसले. किरण नावाचा तो विद्यार्थी नांदेडहून तीन महिन्यांपूर्वी आला होता. कोविडनंतर देशाच्या सीमा पुन्हा उघडल्यापासून इतके विद्यार्थी येत होते की राहायला जागाच मिळेना. घर भाड्याने द्यायचं होतं, म्हणून काकांनी त्याला गॅरेजमध्ये ठेवलं होतं. गॅरेजमध्ये माणूस ठेवायला कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी नसते, म्हणून गुपचूप. रात्रपाळी करून भिजून आलेल्या किरणने थंडीसाठी शेगडी पेटवली, वारा येऊ नये म्हणून टॉवेल कोंबला. जाग आली तेव्हा डोकं गरगरत होतं, आणि पाण्याची बाटली शोधत तो भिंत चाचपत राहिला होता.

"मला वाटलं, मी त्याला मदतच करतोय," काका खाली बघत म्हणाले. "चुकलं माझं, भास्कर."

"मला सांगू नका. त्याला सांगा. कौन्सिललाही तुम्हीच सांगा," बाबा म्हणाले. एवढ्या कडक आवाजात ते काकांशी कधीच बोलले नव्हते.

काका उठले आणि पोलिसांकडे स्वतःच चालत गेले.

बाबा मुलांपाशी ओल्या गवतावरच बसले. "दोन हजार आठ साली मीसुद्धा असाच राहत होतो. फूटस्क्रेला, एका खोलीत सहा जण. दारावर कुणी थाप मारली की आम्ही श्वास रोखून बसायचो." त्यांनी उघड्या गॅरेजकडे पाहिलं. "मला तरी कळायला हवं होतं. आणि मी तुम्हाला हसलो. सॉरी, पोरांनो. तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे निघालात."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी सगळे हॉस्पिटलात गेले. किरणच्या नाकातली नळी निघाली होती आणि तो दही-भात खात होता. आई त्याचा चार्ट वाचत होती. बरा झाला की त्याने आपल्याच घरी वरच्या खोलीत राहायचं, हे तिने सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं.

"ये, कुणालातरी तुला भेटायचंय," किरणने फोन सुरुचीपुढे धरला.

पडद्यावर त्याची आई होती. नांदेडजवळच्या गावातल्या अंगणवाडीत त्या शिकवायच्या. डोळे रडून सुजलेले होते.

"माझ्या लेकराचं दार तू उघडलंस?"

सुरुची गडबडली. "नाही, काकू... दार त्यांनीच उघडलं. मी फक्त... खोटं बोलले."

किरणची आई रडता रडता एकदम हसली.

"मग असं खोटं रोज बोलत जा गं माय!"