टिल्लीच्या पायाचं माप

हे कुणाला पटावं म्हणून लिहीत नाही. त्या रविवारी दुपारी बहिणीच्या दुकानात मी स्वतः होतो, एवढंच सांगतो.

तिचं लहान मुलांच्या बुटांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या मुलाचं माप कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं आणि सहा महिन्यांनी 'पाय वाढला असेल, या' म्हणून फोन करायचा. ते सॉफ्टवेअर मी सांभाळतो. त्या दिवशी आम्ही दोघांनी शटर ओढून घेतलं आणि मी ते अपग्रेड केलं.

जुन्या नोंदी नीट आल्या. नवीन मात्र सेव्ह होईना.

'ही नोंद आधीपासून आहे.'

नाव बदललं. फोन नंबर बदलला. मशीन बंद करून चालू केलं. दुबार नोंदी अडवणारी सेटिंगच काढून टाकली.

तरी तेच...

शेवटी 'आधीची नोंद पाहा' दाबलं.

टिल्ली.

माझी भाची. तीन वर्षांची होती. चार वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली.

तिचं शेवटचं माप आठ नंबर.

पण त्याखाली आणखी ओळी होत्या. दर सहा महिन्यांनी एक. नऊ... साडेनऊ... दहा...

सगळ्यात खालची आजची. तेरा नंबर. दोन मिनिटांपूर्वीची.

मागे आवाज झाला...

टक्.

माप घ्यायच्या फळीवरची पट्टी सरकली होती. मुलं बसतात त्या स्टुलावर कुणीच नव्हतं.

"तू इकडे बघू नकोस," मी म्हणालो. पण बहीण माझ्या खांद्यामागून केव्हाची वाचत होती.

ती घाबरली नाही. हळूच म्हणाली, "दादा, केवढी झाली रे!"

तिने मांडणीवरून तेरा नंबरचे लाल बूट काढले. नाड्या सैल केल्या, स्टुलापाशी ठेवले.

"घाल गं राणी. बोटांना लागत असेल तर सांग हं."

आम्ही दोघं मागे सरकून उभे राहिलो.

टप... टप... टप...

पावलं बंद शटरपर्यंत गेली. मग काहीच नाही.

स्टुलापाशी बूट नव्हते.

मी कसंबसं सेव्ह दाबलं. नोंद पहिल्याच फटक्यात झाली. टिल्लीचं पान उघडलं, तर आठ नंबरखाली कोरं...

याला सात महिने झाले. सॉफ्टवेअर कुरकुर न करता चाललंय.

बहीण दर रविवारी फोन करते. "दादा, काहीतरी बिघडव ना रे. तेव्हा केलं होतंस तसं."

मी जातो. जुनं सॉफ्टवेअर परत टाकतो, पुन्हा अपग्रेड करतो. ती स्टुलापाशी जमिनीवर बसून राहते. मग मी सेव्ह दाबतो.

नोंद दरवेळी पहिल्याच फटक्यात होते.