संपवायची पाळी

संकर्षण बीदरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि त्याच्याकडं दहा तारांची गिटार होती. नेहमीच्या सहा, आणि खर्जासाठी आणखी चार जाड. कोलकात्याच्या एका कारागिराकडून त्यानं ती मुद्दाम करून घेतली होती. "सहा तारांत भागत न्हाई का तुझं?" असं आई म्हणाली, आणि पुढं आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ऐकवत राहिली.

महेशकुमारचं उदगीर रोडला पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. गल्लीतल्या लग्नाच्या बँडवाल्याकडून तो लहानपणी क्लॅरिनेट शिकला, बासरी आपली आपणच. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालून वाद्य निघायचं. संकर्षण तिथं मोटार घ्यायला गेला होता. मोटार दोन उन्हाळ्यांत जळाली, दोस्ती मात्र टिकली.

दोघं मिळून वाजवायचे ते गाणं नसायचं. आधी काही ठरवायचंच नाही. एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि वाट फुटेल तिकडं जायचं. एकदा गणपतीत वाजवलं, तर मंडळाचे शिवशंकरप्पा अर्ध्या तासानं जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अजून सुरातच लावायलाव व्हय? सुरू कवा करणार?" महेश ते सांगून सांगून महिनाभर हसत होता.

त्यांची खरी जागा नौबादला. तिथं तांबड्या जांभ्या दगडातून जमिनीखाली पाण्याची जुनी सुरंग गेलीय, आणि तिला जागोजागी विहिरीसारखी तोंडं आहेत. दोघांनी त्यांतली दोन धरली होती. ह्या तोंडाशी संकर्षण, पलीकडच्या तोंडाशी महेश, मधे बाभळी. एकमेकांना दिसायचे नाहीत. इकडं वाजवलेलं खाली उतरायचं, पाण्यावरून जायचं आणि तिकडच्या तोंडातून वर यायचं, जरा उशिरानं, जरा भारी होऊन. त्यामुळं दोघांना थांबायची सवय लागली होती. महेश शेवटचा सूर लावायच्या आधी नाकानं लांब श्वास ओढायचा, तोसुद्धा सुरंगीतून इकडं ऐकू यायचा. तो ऐकला की संकर्षणनं तारांवरून हात उचलायचा.

नियम एकच होता. ज्यानं सुरू केलं त्यानं संपवायचं नाही. शेवट दुसऱ्याच्या हातात, आणि सुरुवात आळीपाळीनं.

"कामून रे?" संकर्षणनं एकदा विचारलं होतं.

"आपलं आपण संपवायला लागलं की आपल्याला पाहिजे तिथंच नेतंय माणूस," महेश म्हणाला. "मग दोघं कशाला पाहिजेत?"

गेल्या वर्षी एप्रिलात महेशनं सुरू केलं. म्हणजे संपवायची पाळी संकर्षणची. वादन ऐन रंगात आलं होतं आणि संकर्षणच्या खिशात फोन थरथरला. पुण्याच्या एका ग्रुपला दौऱ्यासाठी असाच जाड तारांचा गिटारवाला हवा होता. संध्याकाळच्या आत व्हिडिओ पाठवा म्हणाले. आता शहाण्या माणसानं काय करावं? चार पावलं चालून बाभळीपलीकडं जावं, दोस्ताला सांगावं की नाही? ह्यानं गिटार पिशवीत घातली, 'घाईत आहे, उद्या संपवू' असा मेसेज टाकला आणि स्कूटरला किक मारली. महेशचा फोन दुकानात चार्जिंगला लावलेला. तो बिचारा रिकाम्या तोंडाशी वाजवत राहिला. थांबायचा, वाट बघायचा, पुन्हा वाजवायचा. किती वेळ, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. 'तू संपवल्याबिगर क्लॅरिनेट पुसणार न्हाई बघ.' पुढं हसरं तोंड. वाजवून झालं की क्लॅरिनेटच्या आतली ओल पुसून ठेवायची असते, त्यावरची ही थट्टा. दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत कळ आली आणि महेश गेला. पुण्याच्या ग्रुपनं दुसराच कुणीतरी घेतला.

संकर्षणला ती गोष्ट आतल्या आत खात होती. कुणी महेशचं नाव काढलं की तो उठून जायचा. वर्षभर त्यानं महेशच्या घराची पायरी चढली नाही. कोणत्या तोंडानं चढणार?

ह्या एप्रिलात महेशच्या बायकोचा, नेत्रावतीचा फोन आला. "अण्णा, जरा घरी येऊन जाताव का? फोनवर सांगायसारखं न्हाई."

तो गेला. तिनं चहा ठेवला, कपाटाचं कुलूप काढलं आणि क्लॅरिनेटची पेटी त्याच्यापुढं उघडली.

"रीडला हात लावून बघा."

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवलेली ती वेताची पातळ पट्टी ओली होती. नुकतीच कुणीतरी ओठांतून काढावी, तशी.

"घरात कोण वाजवतंय?"

"मी अन् आमच्या अत्त्या, ह्यांची आई. कोण वाजवणार?"

"हवा दमट असली की..." असं म्हणता म्हणता संकर्षणचं लक्ष बाहेर गेलं. बीदरचा एप्रिल. गच्चीवर घातलेले पापड तासाभरात कडकडीत वाळत होते.

"रोज उन्हात वाळवायलेय मी," नेत्रावती म्हणाली. "कुलूप लावलं, किल्ली कमरेला ठेवली. दुपार झाली की हाय तशीच ओली. आधी वाटलं, मलाच याड लागायलंय." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्यांचा शेवटचा मेसेज वाचलाय मी. मी काही तुम्हाला बोल लावत न्हाई, अण्णा. पण तुमचं जे अर्धं ऱ्हायलंय ते संपवा. त्यांना जाऊ द्या. मलाबी झोप लागू द्या."

"रविवारी नौबादला जाऊ," संकर्षण म्हणाला. एक गोष्ट त्यानं तिला सांगितली नाही. त्याच्या गिटारीची सगळ्यांत जाड तार, जिला महेश 'म्हैस' म्हणायचा, ती काही दिवसांपासून दुपारी आपोआप घुमत होती. जवळ तोच सूर वाजला की तार घुमते, हे तो वर्गात दरवर्षी शिकवायचा. फक्त जवळ वाजत काय होतं, ते त्याला सापडलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर दोघं नौबादला गेले. नेत्रावती पलीकडच्या तोंडाशी, महेशच्या जागेवर, छत्री उघडून बसली. क्लॅरिनेट मांडीवर. संकर्षण आपल्या जागी बसला. ऊन नुसतं पेटलं होतं, सुरंगीच्या तोंडातून मात्र गार वारा वर येत होता. त्याला शेणाचा, ओल्या दगडाचा वास होता. आत कुठंतरी पारवे घुमत होते.

गेल्या वर्षी जिथं हात उचलला होता, ती जागा त्याच्या बोटांना पाठ होती. त्यानं तिथूनच धरलं आणि थांबला.

काही आलं नाही. त्यानं पुन्हा तेच वाजवलं, पुन्हा थांबला.

पारवे गप्प झाले.

मग म्हैस थरथरली. त्यानं तिला हात लावला नव्हता.

आणि खालून, पाण्यावरून, जरा उशिरानं, जरा भारी होऊन, क्लॅरिनेट आलं.

ते महेशचंच होतं. सूर खालून उचलून वर नेताना मधेच जरा रेंगाळायची ती खोड दुसऱ्या कुणाची नव्हे. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं संकर्षणला वाटून गेलं. तिथं नुसती वाट बघणं होतं. त्यानं उत्तर दिलं, पलीकडून उत्तर आलं, आणि वर्षभर ताटकळलेलं ते वादन हळूहळू उताराला लागलं. संपवायची जागा आली. संकर्षणनं म्हशीवर अंगठा ठेवला, शेवटचा सूर लावला आणि तो पूर्ण विरेपर्यंत हलला नाही.

"चुकलं रे माझं, महेश," तो सुरंगीच्या तोंडात म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला.

इथं उठायचं होतं. काम झालं होतं, नेत्रावतीनं मागितलं ते तिला मिळालं होतं. पण माणसाचा जीव! वर्षानं दोस्त भेटलाय, आणि आता पुन्हा कधीच भेटणार नाही. आणखी एक, फक्त एकच, असं त्याच्या मनात आलं. मागचं महेशनं सुरू केलेलं, म्हणजे आता सुरू करायची पाळी आपलीच. मोह आवरला नाही. त्यानं नवं सुरू केलं.

उत्तर लगेच आलं.

लगेच. सूर पाण्यावरून यायला लागायचा तेवढा वेळसुद्धा गेला नाही. संकर्षणच्या ते लक्षात आलं, आणि फिजिक्सचा मास्तर असून त्यानं तिकडं काणाडोळा केला. सूर गोड होते. मधे रेंगाळायची खोडही होती, पण ती आता प्रत्येक सुराला होती. वादन चढत गेलं, फिरलं, शेवटाजवळ आलं. संपवायचं पलीकडच्यानं.

लांब श्वास ओढल्याचा आवाज झाला. अगदी जवळ.

संकर्षणनं हात उचलला.

सूर आला नाही.

बाभळींतून पावलं वाजली. नेत्रावती लगबगीनं येत होती, चेहरा उजळलेला.

"सुकली अण्णा! बघा तरी." रीड कोरडी ठणठणीत होती. "मांडीवर नुसतं हलत होतं ओ हे, जिवंत असल्यावानी. अन् तुम्ही तो सूर लावलाव, रडलाव ना, तवाच शांत झालं. माझ्या डोळ्यांदेखत सुकली."

"तेव्हाच?"

"व्हय."

"आणि नंतर? दुसऱ्यांदा वाजवलं ते?"

"ते तुम्ही एकटेच वाजवायला होताव की." ती जरा बावरली. "मी म्हणलं, मन मोकळं करायलेत, करू द्यावं."

संकर्षणनं मान हलवली. त्यानं गिटार पिशवीत घातली.

आता नेत्रावतीला झोप लागते. फोन करून तिनं दोनदा तसं सांगितलं, आणि संकर्षणला तेवढंच एक समाधान आहे. स्वतः सुरू केलेलं ते त्यानं घरी बसून संपवून पाहिलं. शेवटचा सूर लावायला गेलं की दहाही तारा मुक्या होतात, बोट कापडावर पडावं तशा. नियम त्या दोघांचाच होता. आपल्या हातानं आपण दुसऱ्याला पाळी दिली, आणि ती कुणाला दिली ते आपल्याला माहीत नाही, हे त्याला दिवसरात्र टोचतं. त्या दिवशी उठलो असतो तर, असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो. आईला वाटतं, महेशविषयीच बोलतोय.

परवा दुपारी त्यानं खोलीचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि आईच्या डब्यातला शिवणाचा एक दोरा घेऊन गिटारीच्या भोकासमोर धरला. दोरा हळूच आत वळला. शेवटच्या सुराआधी श्वास ओढल्यावर वळावा तसा. बाहेर येईल म्हणून तो बराच वेळ धरून बसला, हात भरून आला, शेवटी दोरा भोकाच्या वर चिकटपट्टीनं लावून तो कॉलेजला गेला.

आज तिसरा दिवस. दोरा अजून आतच वळलेला आहे.