काढ्याची चव

"माझ्या हातून बाबा गेले का, तेवढंच सांगा," वैद्यांची मुलगी म्हणाली.

पोटाच्या जुनाट दुखण्यांवर एका मुळीची चाचणी चालली होती. सकाळी चाचणीच्या खोलीतच वैद्य कोसळले. पोटात विष निघालं. काढा मुलीनं उकळलेला. पोलिसांच्या मते तिनं भलतीच मुळी घेतली.

तपास करणाऱ्या मावशी टेबलापाशी थांबल्या. सोबतच्या निवृत्त जमादारांनीही पाहिलं. काढ्याचा रिकामा पेला, तपकिरी पाण्याचं चिनीमातीचं भांडं आणि मोरीत घासून पालथा घातलेला एक कप. यात बघण्यासारखं काय, ते जमादारांना कळेना.

मुळी विकत आणून मशीनवर तपासण्याचं काम वैद्यांच्या भाच्याकडे होतं.

"मी समोरच उभा होतो. मामांनी पेला एका दमात संपवला," तो म्हणाला. "ताईनं मुद्दाम केलं असं नाही म्हणत मी. चहा घेणार? चाखणं झालं की मामांना माझ्याच हातचा लागायचा."

"साखर जरा सढळ हातानं," जमादार म्हणाले.

दवाखान्यातल्या सिस्टर दाराशी उभ्या होत्या. "साहेब चाखल्याशिवाय रुग्णांना काढा देत नसत. काल म्हणाले, मुळीत भेसळ आहे, कडूपणा निम्म्यावर आलाय. मशीन काहीही म्हणू दे. आज सगळ्यांसमोर बोलणार होते."

"चाखायचे कसे?" मावशींनी विचारलं.

"तोंडात घोळवून थुंकायचे. गिळलं की ते औषध झालं, चव नाही, म्हणायचे."

मावशींनी भांड्यातला थोडा नमुना बाहेर तपासायला पाठवला. उत्तर आलं तेव्हा भाचा जमादारांना चहा देत होता. मावशींनी सगळ्यांना बसवलं आणि उरलेलं तपकिरी पाणी पेल्यात ओतलं. पेला जवळजवळ भरला.

"काढा हा इथे आहे, आणि यात विष नाही. वैद्यांनी तो गिळलाच नाही. एका दमात संपवलेला पाहणारा माणूस चाखताना इथे नव्हताच. तो नंतर आला, चहा घेऊन. विष कडू होतं, पण नुकता काढा घोळवलेल्या जिभेला चहातला कडूपणा कसा कळावा? कप तेवढा घासलास. हे थुंकायचं भांडं आहे, ते तुला ठाऊकच नव्हतं."

भाच्याची नजर मोरीतल्या कपाकडे गेली. भेसळ कुणाची, हे आता विचारायची गरज नव्हती.

मुलीनं पेल्याकडे पाहिलं. "म्हणजे माझा काढा..."

"चोख होता, बाळ. तुझ्या हातून काही गेलं नाही."

ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

जमादारांनी ओठांपर्यंत नेलेला कप हळूच खाली ठेवला.