राहिलेले कटअवे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन पडलेलं.

मावसभाऊ फिल्मचं एडिटिंग करतो. सगळे त्याला कात्री म्हणतात. जिभेलाही धार आहेच.

त्याची धाकटी बहीण कॅमेरा चालवते. तिने एका म्हाताऱ्या घड्याळजींची मुलाखत शूट करून आणली होती. तासभर नुसता त्यांचा चेहरा.

"कटअवे कुठायत?" कात्री तडकला. "भिंत, खिडकी, काहीतरी मधे घालायला नको? बोलणं कापलं की चेहरा उडी मारतो. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"राहिलं रे दादा."

"मग जा आणि घेऊन ये. आत्ता."

घड्याळजी मुलीकडे गेले होते, घराची किल्ली शेजारी होती. धाकटी एकटीच गेली.

इकडे कात्री मुलाखत लावून बसला. धाकटी कॅमेऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसून प्रश्न विचारत होती. म्हणजे म्हाताऱ्याची नजर तिच्याकडे हवी. तशी होतीही.

मग ती नजर सरकली...

आधी आतल्या खोलीच्या दाराकडे.

पुढच्या उत्तरात जरा अलीकडे. त्याच्या पुढच्या उत्तरात आणखी अलीकडे. कुणी हळूहळू चालत यावं तशी.

खोलीत तर दोघंच होती.

शेवटी नजर धाकटीच्या डोक्याच्या थोडी वर येऊन थांबली. आणि तिथेच राहिली... वीस मिनिटं.

कात्रीने धाकटीला फोन लावला. नुसता वाजत राहिला. सात वेळा. आपणच पिटाळलं तिला तिथे, हे काही केल्या त्याच्या मनातून जाईना.

तो गाडीची किल्ली शोधत होता, तेवढ्यात बेल वाजली.

दारात धाकटी. खांद्याला बॅग. धडधाकट.

"फोन सायलेंटवर होता. घामाघूम का झालायस?"

"आलीस? ये, दार लावून घे," एवढंच तो बोलला. रडू यायचंच काय ते बाकी होतं.

ती हातपाय धुवायला गेली. त्याने बॅगेची चेन उघडली, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लावलं. भिंतीवरची घड्याळं. खिडकी. रिकामी खुर्ची. पोरीने काम चोख केलं होतं.

मग अजून एक क्लिप... हलती.

धाकटीची पाठ.

ती ट्रायपॉड मिटत होती. कॅमेरा बॅगेत घालून झाला होता, बॅग तिच्या खांद्यावर दिसत होती. मग हे शूट कोण करत होतं?

तिने कुलूप लावलं. रस्ता ओलांडला. मग बराच वेळ नुसतं चालणं. मग जिना... कात्रीच्याच बिल्डिंगचा. तिची पाठ सतत दोन हातांवर.

दार उघडलं. पडद्यावर त्याला तो स्वतःच दिसला.

"आलीस? ये, दार लावून घे."

धाकटी आत आली. तिच्यामागोमाग ते चित्रही आत आलं...

मग तिने वळून दार लावलं.

क्लिप तिथे संपली.

त्याने फिल्म कटअवेशिवायच दिली. धाकटीला म्हणाला, कार्ड खराब झालं. जगाला शिकवतोस आणि तुझ्याच फिल्ममध्ये चेहरा उड्या मारतो, असं ती अजून त्याला चिडवते. तो ऐकून घेतो.

दोघं एकाच घरात राहतात. हे त्याने फक्त मला सांगितलंय.

"तिला कुठल्या तोंडाने सांगू?" तो म्हणाला. "ये, असं मीच म्हणालो ना."